ॲलन ट्युरिंग : अडलेल्या यंत्राचे मर्म शोधणारा गणिती

आमच्या मुलुंडमध्ये, पूर्वेस काय किंवा पश्चिमेस काय, ज्या घरी शाळेत जाणारी मुले आणि संगणक ही दोन्ही आहेत, त्या घरी एक तक्रार हटकून ऐकू येते. खेळ ऐन रंगात आलेला असतो, आणि अकस्मात पडद्यावरील चित्र जागच्या जागी थिजते. कळा दाबाव्या तर उत्तर नाही, माउस हलवावा तर बाण हलत नाही. कधी खेळ आपण होऊनच बंद पडतो आणि पडद्यावर एक न समजणारी सूचना तेवढी उरते. पहिल्या प्रकारास मुले हँग होणे म्हणतात, दुसऱ्यास क्रॅश होणे. अशा वेळी मुलगा चिडून कळफलकावर मूठ आपटतो. वडील खेळाच्या खुळालाच बोल लावतात. आणि शेजारचा जाणता गृहस्थ यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्यास सांगतो. परंतु यंत्र का अडले, हा प्रश्न तिघांपैकी एकही विचारीत नाही.

हा प्रश्न एका तरुणाने विचारला, आणि तोही अशा काळी, की जेव्हा आजच्या अर्थाने संगणक म्हणता येईल असे एकही यंत्र जगात नव्हते. त्याचे नाव ॲलन मॅथिसन ट्युरिंग. त्याच्या चरित्रात विद्यार्थ्यांस घेण्याजोगे पुष्कळ आहे आणि पालकांस विचार करावयास लावणारेही काही आहे, म्हणून ते आम्ही यंदा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ट्युरिंग ह्यांचा जन्म लंडन शहरी २३ जून १९१२ रोजी झाला. तथापि त्यांच्या घराण्याचा हिंदुस्थानाशी निकटचा संबंध होता. वडील ज्युलियस ट्युरिंग हे त्या वेळच्या मद्रास इलाख्यात सनदी नोकरीत होते. मातोश्री एथेल सारा ह्या मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता एडवर्ड स्टोनी ह्यांच्या कन्या. आईवडिलांचा मुक्काम इकडे असल्यामुळे ॲलन व त्यांचे वडील बंधू जॉन ह्या दोघा भावांस इंग्लंडात एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी ठेवण्यात आले. आईवडिलांची भेट मधूनमधून, रजेच्या दिवसांतच काय ती व्हावयाची. अशा स्थितीत वाढलेला हा मुलगा अबोल व काहीसा एकलकोंडा झाला ह्यात नवल नाही. परंतु प्रत्येक वस्तूचे आतील रहस्य काय, हे पाहण्याची त्यास बालपणापासून विलक्षण ओढ होती.

इ. स. १९२६ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, शेरबोर्न येथील निवासी शाळेत त्यांचे नाव घातले गेले. शाळेत हजर होण्याच्या वेळीच इंग्लंडात सार्वत्रिक संप सुरू झाला आणि आगगाड्या बंद पडल्या. घरी परतण्याऐवजी ह्या मुलाने साउदॅम्प्टनहून आपली सायकल बाहेर काढली, वाटेत एका खाणावळीत रात्र काढली, आणि सुमारे साठ मैल मजल मारून तो शाळेत दाखल झाला. मुलुंडहून निघून खंडाळ्याचा घाट चढावा आणि लोणावळ्याच्याही पुढे जावे, एवढे हे अंतर आहे. मार्ग अडला म्हणजे दुसरा शोधावा, हा त्यांचा स्वभाव येथेच दिसून आला.

शाळेत मात्र त्यांची वाहवा झाली नाही. त्या शाळेत लॅटिनसारख्या जुन्या भाषांचे महत्त्व फार. ट्युरिंग ह्यांचे अक्षर वाईट, वह्या गचाळ आणि लक्ष सदा गणितात व रसायनात. शिक्षकांचे शेरे पुष्कळदा प्रतिकूलच येत. ह्याच काळात ख्रिस्तोफर मॉरकॉम नावाचा एक हुशार व सुस्वभावी मित्र त्यांस लाभला. दोघे मिळून शास्त्राची चर्चा करीत. परंतु १९३० च्या फेब्रुवारीत हा मित्र अकाली वारला. त्या दुःखातून सावरताना, मित्राच्या हातून जे कार्य घडावयाचे राहिले ते आपण करावे, असा ध्यास ट्युरिंग ह्यांनी घेतला; आणि मन म्हणजे काय, विचार यंत्राने होऊ शकेल काय, हे प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून राहिले.

इ. स. १९३१ मध्ये ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेले. आमच्या मुंबईचे सुपुत्र डॉ. होमी भाभा हेही त्याच वर्षांत केंब्रिज येथे अध्ययन करीत होते. त्यांचा संबंध पुढे येणार आहे. ट्युरिंग ह्यांनी पहिल्या वर्गात पदवी मिळविली आणि १९३५ साली, अवघ्या बावीस वर्षांच्या वयात, ते कॉलेजचे फेलो निवडले गेले.

त्या काळी गणितज्ञांपुढे हिल्बर्ट ह्या जर्मन पंडिताने घातलेले एक कोडे होते. कोणतेही गणिती विधान पुढे ठेवले असता ते सिद्ध होण्याजोगे आहे की नाही, हे ठरविण्याची एखादी ठरीव रीत असू शकेल काय? रीत म्हणजे नेमके काय, हेच आधी ठरविले पाहिजे, असे ट्युरिंग ह्यांनी ताडले. त्यांनी मनातल्या मनात एक यंत्र कल्पिले. एक लांबच लांब फीत, तीवर चौकोन, चौकोनांत खुणा. यंत्राने एक खूण वाचावी, नियमाप्रमाणे ती तशीच ठेवावी अथवा बदलावी, आणि एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकावे. एवढ्या साध्या हालचालींनी, माणसास ठरीव रीतीने जे जे हिशेब करता येतात ते सर्व करता येतील, असे त्यांनी दाखविले. शिवाय, दुसऱ्या कोणत्याही यंत्राची आज्ञावली फितीवर लिहून दिली असता तिच्याबरहुकूम वागणारे असे एकच सर्वसमर्थ यंत्र कल्पिता येते, हेही त्यांनी सिद्ध केले. आज एकच संगणक सकाळी पत्र लिहितो व सायंकाळी खेळ खेळवितो, त्याचे मूळ ह्या कल्पनेत आहे. हा निबंध त्यांनी १९३६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी लिहिला. त्याच सुमारास अमेरिकेतील अलोंझो चर्च ह्यांनीही निराळ्या मार्गाने हिल्बर्टच्या कोड्याचे उत्तर काढले होते. उत्तर नकारार्थी होते : अशी सार्वत्रिक रीत असू शकत नाही.

ट्युरिंग ह्यांच्या ह्या विचाराचे एक रूप पुढे 'हॉल्टिंग प्रॉब्लेम' ह्या नावाने प्रसिद्ध झाले, आणि आमच्या हँग होणाऱ्या खेळाशी त्याचे नाते अगदी जवळचे आहे. अशी कल्पना करा, की कोणी एक परीक्षक-आज्ञावली तयार केली. तिच्यापुढे कोणतीही आज्ञावली ठेवावी आणि तिने बिनचूक सांगावे, की ही केव्हातरी संपेल, अथवा ही अनंत काळ फिरतच राहील. आता एखाद्या खट्याळ मुलाने दुसरी आज्ञावली अशी रचली, की तिने आपल्या स्वतःविषयीच परीक्षकास विचारावे आणि त्याच्या उत्तराच्या उलट वागावे. परीक्षक संपेल म्हणाला तर तिने फिरत राहावे. फिरत राहील म्हणाला तर तिने तत्काळ थांबावे. म्हणजे परीक्षकाने काहीही सांगितले तरी तो खोटाच ठरणार. तेव्हा सर्व आज्ञावल्यांविषयी कधीही न चुकणारा असा परीक्षक असूच शकत नाही.

ह्याचा व्यवहारातील परिणाम मुले रोज पाहतात. खेळाचे चित्र थिजले म्हणजे विंडोज प्रणाली 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी पाटी दाखविते, आणि थांबावयाचे की खेळ बंद करावयाचा, हे आपणांस विचारते. असे ती का विचारते? आतील आज्ञावली एखाद्या चक्रात कायमची अडकली आहे, की एखादे मोठे काम उरकण्यात केवळ गुंतली आहे, हे तिला बाहेरून निश्चित कळत नाही. खेळाच्या खिडकीने काही सेकंद हाकेला ओ दिली नाही, एवढ्यावरून ती तर्क करिते. प्रणालीच्या कर्त्यांचा हा केवळ आळस नव्हे. प्रत्येक आज्ञावलीस लागू पडेल असा अचूक निवाडा देणारी रीत मुळातच नाही. सर्व दोष एका कळीसरशी घालविण्याची हमी देणारी आज्ञावली कोणी विकू लागला, तर विद्यार्थ्यांनी ट्युरिंग ह्यांचे स्मरण करावे.

सार्वत्रिक रीत नाही, म्हणून हातपाय गाळून बसावे असे मात्र नव्हे. एकेका दोषाचा माग चिकाटीने काढता येतो, हे ट्युरिंग ह्यांनी पुढील आयुष्यात करून दाखविले. दुसरे महायुद्ध सुरू होताच, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ते ब्लेचली पार्क येथील गुप्त लेखनाच्या कचेरीत रुजू झाले. जर्मन सैन्य 'एनिग्मा' नामक यंत्राने आपले निरोप सांकेतिक करीत असे, आणि यंत्राची मांडणी दररोज बदलत असे. पोलंडच्या गणितज्ञांनी ह्या कामी आरंभीचा मार्ग आधीच मोकळा केला होता. त्यांच्या कामावरून स्फूर्ती घेऊन ट्युरिंग ह्यांनी 'बॉम्ब' नावाचे नवे यंत्र रचले, आणि गॉर्डन वेल्शमन ह्यांनी त्यात महत्त्वाची सुधारणा केली. निरोपात अमुक शब्द असावेत, असा आधी तर्क करावयाचा. मग तो तर्क खरा धरून यंत्राने एकेक मांडणी तपासावयाची, आणि जीत विसंगती आढळेल ती टाकून द्यावयाची. उरलेल्या थोड्या मांडण्यांची परीक्षा माणसे करीत. खरे काय ते थेट हाती लागत नसेल, तर असंभवनीय ते आधी दूर सारावे, ही ह्या कामातील युक्ती होती. जर्मन पाणबुड्यांच्या निरोपांचा उलगडा करणाऱ्या शाखेचे ते प्रमुख होते. ह्या कार्याबद्दल १९४६ साली त्यांस ओ. बी. ई. हा किताब मिळाला. परंतु कार्य काय, हे १९७० नंतरची काही वर्षे उलटेपर्यंत जगास कळले नाही.

ह्याच काळातील त्यांच्या सायकलीची गोष्ट त्यांचे सहकारी सांगत असत. तिची चेन वारंवार उतरे. दुसरा कोणी असता तर चिडला असता किंवा सायकल दुकानी टाकता. ट्युरिंग ह्यांनी पॅडलचे फेरे मोजण्यास आरंभ केला आणि चेन ठरावीक फेऱ्यांनंतरच उतरते, हे ओळखले. मग ते फेरे मोजीत जात आणि नेमक्या क्षणी उतरून चेन हाताने नीट करीत. लोक ह्या गोष्टीस हसत. परंतु बिघाड केव्हा होतो हे मोजणे, हे त्याचे कारण कळण्याच्या वाटेवरील पहिले पाऊल आहे.

युद्धानंतर त्यांनी नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत एका विद्युत्-संगणकाचा सविस्तर आराखडा तयार केला, आणि १९४८ साली ते मँचेस्टर विद्यापीठात गेले. ह्याच काळात ते उत्तम धावपटूही होते. १९४७ मध्ये मॅरेथॉनचे अंतर त्यांनी २ तास ४६ मिनिटांत कापले.

२४ जून १९४९ रोजी केंब्रिज येथील परिषदेत त्यांनी एक छोटासा निबंध वाचला. छापील पाने अवघी तीन. परंतु आज्ञावलीतील दोष शोधण्याच्या शास्त्रातील तो एक आद्य निबंध मानला जातो. लांबलचक आज्ञावली बरोबर आहे हे कसे तपासावे, हा त्याचा विषय. त्यांनी बेरजेचा दाखला दिला. मोठमोठ्या संख्यांची बेरीज मांडली आणि फक्त शेवटचे उत्तर लिहिले, तर तपासणाऱ्यास सारी बेरीज पुन्हा करावी लागते. परंतु प्रत्येक रकान्याचे हातचे लिहून ठेवले, तर तो एकेक रकाना सुटा तपासू शकतो. त्याचप्रमाणे आज्ञावली लिहिणाऱ्याने जागोजागी, ह्या ठिकाणी अमुक गोष्ट खरी असली पाहिजे, असे लिहून ठेवावे. म्हणजे सबंध आज्ञावलीची परीक्षा अनेक लहान परीक्षांत विभागली जाते. आणि आज्ञावली शेवटास जाते हे दाखविण्यासाठी, प्रत्येक फेऱ्यास कमी कमी होत जाणारी एखादी राशी दाखवावी. कारण जी सारखी घटत आहे ती केव्हातरी संपणारच.

खेळांविषयीही ते उदासीन नव्हते. १९४८ च्या सुमारास मित्र डेव्हिड चँपरनाउन ह्यांच्यासह त्यांनी बुद्धिबळ खेळणारी आज्ञावली रचली. ती चालविण्याजोगे यंत्र हाताशी नव्हते. म्हणून १९५२ साली ट्युरिंग स्वतःच यंत्र झाले. कागदावर नियमांप्रमाणे हिशेब करून ते एकेक खेळी ठरवीत, आणि एका खेळीस सुमारे अर्धा तास लागे. प्रतिस्पर्धी ॲलिक ग्लेनी ह्यांनी तो डाव एकोणतिसाव्या खेळीस जिंकला. संगणकाच्या खेळांच्या आरंभकाळातील हा एक डाव. तो हरला खरा, परंतु हँग झाला नाही!

आता ह्या रीतीचा उपयोग आपल्या घरच्या संगणकास कसा करावा, ते थोडक्यात सांगतो. प्रथम वहीत नोंद करावी : कोणता खेळ, किती वाजता, सुरू केल्यावर किती मिनिटांनी, आणि चित्र थिजले की खेळच बंद पडला. चार-पाच नोंदी झाल्या, की बहुधा काही क्रम दिसू लागतो. दर वेळी अर्ध्या-पाऊण तासाने अडत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. लालबहादूर शास्त्री मार्गाच्या बाजूची धूळ आणि वैशाखातील उकाडा मिळून पंख्याची वाट बुजवितात. यंत्र बंद करून, प्लग काढून, वडील माणसांच्या देखरेखीखाली धूळ साफ करावी. एकच खेळ आणि तोही एकाच टप्प्यावर अडत असेल, तर त्या खेळाची एखादी फाइल बिघडली असावी. खेळाच्या फाइली तपासण्याची सोय स्टीमसारख्या दुकानांत असते, ती वापरावी. नवा ग्राफिक्स ड्रायव्हर घातल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर आधीचा घालून पाहावा. ड्रायव्हर फार जुना असेल, तर नवा घालावा. सर्वच खेळ व इतर कामेही अडत असतील, तर रॅम किंवा पॉवर सप्लाय ह्यांकडे लक्ष द्यावे. रॅम तपासण्याची आज्ञावली विंडोजमध्येच असते. 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाच्या नोंदवहीत यंत्र स्वतःच आपल्या बिघाडांची टिपणे ठेविते, तीही पाहावी. मात्र एका वेळी एकच बदल करावा. एकदम पाच बदल केले आणि खेळ चालू लागला, तर दोष कशात होता हे कधीच कळणार नाही, आणि तो पुन्हा उद्भवला म्हणजे पहिल्यापासून आरंभ करावा लागेल. हे बेरजेचे हातचे लिहून ठेवण्यासारखेच आहे.

ही विद्या मुंबईस नवी नाही. डॉ. भाभा ह्यांनी स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येथील तरुण अभियंत्यांनी स्वतः एक संगणक बांधला. त्याचा लहान नमुना १९५६ मध्ये चालू झाला आणि पूर्ण यंत्र १९६० साली काम करू लागले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. नलिका म्हणजे तापणारी आणि केव्हाही जळणारी वस्तू. जेथे इतक्या नलिका एकत्र जळत, तेथे कोणती बिघडली हे शोधणे रोजच्या कामाचा भागच असणार. यंत्र अडले म्हणून हताश न होण्याचा हा वारसा आपल्याच शहरात आहे.

ट्युरिंग ह्यांच्या चरित्राचा उत्तरार्ध मात्र दुःखद आहे. १९५१ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. परंतु पुढील वर्षीच, एका पुरुषाशी असलेल्या संबंधावरून त्यांच्यावर खटला झाला. त्या वेळच्या इंग्लंडच्या कायद्याने तो अपराध होता. तुरुंगवास टाळण्यासाठी त्यांस संप्रेरकांची सक्तीची औषधे घ्यावी लागली, आणि सरकारच्या गुप्त कामाचे दरवाजे त्यांस बंद झाले. ज्या राज्याच्या रक्षणासाठी त्यांनी रात्रीचा दिवस केला होता, त्याच राज्याने त्यांस सदोष वस्तूप्रमाणे वागविले. तशाही स्थितीत ते प्राण्यांच्या अंगावरील ठिपके व पट्टे कसे उमटतात, ह्या प्रश्नावर गणिताने विचार करीत होते. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, विषामुळे त्यांचा अंत झाला. ती आत्महत्या होय, असा निर्णय चौकशीत देण्यात आला. त्यांच्या वृद्ध मातोश्रींनी १९५९ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. पुत्राच्या युद्धकार्याची पूर्ण हकीकत तोवर गुप्तच होती.

इंग्लंडात तो कायदा १९६७ साली बदलला. २००९ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली, २०१३ मध्ये राणीने त्यांस मरणोत्तर माफी दिली, आणि २०२१ साली पन्नास पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले. संगणकशास्त्रातील सर्वोच्च पारितोषिक १९६६ पासून त्यांच्याच नावाने दिले जाते. आपल्या देशातही तशाच जुन्या कायद्याचा तेवढा भाग सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केला.

दोष ट्युरिंग ह्यांच्यात नव्हता, कायद्यात होता. परंतु तो तेथे शोधण्यास राष्ट्रास फार काळ लागला, आणि तोवर एक अमोल मनुष्य हातचा गेला. म्हणून विद्यार्थ्यांस आमचे सांगणे हेच, की यंत्र अडले असता मूठ आपटण्याआधी वही उघडा, आणि दोष कोठे आहे ते मोजूनमापून पाहा. पालकांसही विनंती आहे, की मुलाचे अक्षर वाईट, वह्या गचाळ, वागणे चारचौघांहून निराळे, एवढ्यावरूनच दोष मुलात आहे असा निकाल देऊ नये. यंत्राच्या बाबतीत चुकीच्या जागी दोष लावला, तर फार झाले तर एक खेळ बंद पडतो. माणसाच्या बाबतीत तसे झाले, तर जे गमावते ते पुन्हा चालू करता येत नाही.